साथीच्या काळात भाड्याचे घर टिकवताना

साथीत मिळकत थांबली तरी भाडे आपोआप माफ होत नाही. १७ एप्रिल २०२० रोजी महाराष्ट्राच्या गृहनिर्माण विभागाने घरमालकांना किमान ३ महिने भाडेवसुली पुढे ढकलण्याची आणि थकबाकीपायी कोणालाही घराबाहेर न काढण्याची सूचना केली. तिने सवड मिळाली, पण देणे राहिलेच. म्हणून पहिले भाडे चुकण्यापूर्वीच घरमालकाशी बोलून जे ठरेल ते लेखी करून घ्यावे.

पत्रात किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर ‘जरा सांभाळून घ्या’ असे मोघम न लिहिता आकडे लिहावेत: ‘भाडे १२,००० रुपये. एप्रिल ते जून दरमहा ५,००० देईन. उरलेले २१,००० जुलैपासून चालू भाड्याबरोबर दरमहा ३,५०० याप्रमाणे ६ हप्त्यांत फेडीन.’ त्यावर आलेले ‘मान्य’ हे उत्तर जपून ठेवावे. डिपॉझिटमधून भाडे वळते करणे सोपे वाटते खरे, पण शक्यतो ते टाळावे. घर बदलण्याची वेळ आलीच तर नव्या डिपॉझिटसाठी हाताशी काही उरत नाही. जमेल ती रक्कम महिन्याचा उल्लेख करून बँकेतून पाठवावी आणि रोख दिल्यास पावती मागावी, कारण महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार ती देणे घरमालकावर बंधनकारक आहे. भाडेकरूचे पाणी किंवा वीज विनाकारण तोडण्यासही या कायद्याचे कलम २९ मनाई करते.

त्यानंतर आपला करार नीट वाचावा. पागडीच्या (म्हणजे सुरुवातीला मोठी रक्कम देऊन कमी भाड्यात दीर्घकाळ राहणाऱ्या) भाडेकरूवर थकबाकीसाठी दावा लावायचा, तर लेखी नोटिशीनंतर ९० दिवस जावे लागतात. लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे सहसा ११ महिन्यांच्या ठरावीक मुदतीच्या परवान्यावर राहणाऱ्याला ही सवड नाही, आणि त्याला खरी भीती असते ती मुदत संपण्याची: ११ महिने सरल्यावर घर सोडले नाही, तर कलम २४ प्रमाणे दुप्पट दराने भरपाई द्यावी लागू शकते. त्यामुळे मुदतवाढीचा विषय महिनाभर आधी काढावा आणि नवा करार नोंदवूनच घ्यावा. ‘नोंदणी नंतर बघू’ हे एजंटचे म्हणणे मनावर घेऊ नये. ती ऑनलाइनही होते आणि कायद्याने तिची जबाबदारी घरमालकाची आहे.

तरीही प्रकरण सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे घर रिकामे करून मागणाऱ्या अर्जांवर निर्णय देणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे गेले, तर समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन बाजू मांडण्याची परवानगी मागावी लागते. ही मुदत चुकली तर घर रिकामे करण्याचा आदेश होऊ शकतो. वकील परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत साहाय्यासाठी अर्ज करावा. स्त्रियांना तेथे उत्पन्नाची अट नाही.