व्हर्जिनिया सटीर यांची ‘तापमान’ बैठक घरी कशी घ्यावी

घरातील धुसफूस मिटवण्यासाठी सर्वांना एकत्र बसवले, की बहुधा पहिल्या काही मिनिटांतच जुनी उणीदुणी निघतात आणि पुन्हा बसायला कोणी तयार होत नाही. कुटुंबोपचाराचा, म्हणजे एका व्यक्तीऐवजी सर्व कुटुंबाला एकत्र घेऊन करण्याच्या मानसोपचाराचा, पाया घालणाऱ्यांपैकी एक असलेल्या व्हर्जिनिया सटीर यांनी यासाठी पाच भागांची बैठक आखली. तिला त्या ‘टेम्परेचर रीडिंग’, म्हणजे घरातील वातावरणाचे ‘तापमान’ पाहणे, म्हणत.

तिच्यामागचा अनुभव आधी समजून घ्यावा. १९१६ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात जन्मलेल्या सटीर आधी शिक्षिका होत्या, नंतर समाजकार्याकडे वळल्या. १९५१ मध्ये स्किझोफ्रेनिया या गंभीर मानसिक आजाराचे निदान झालेली एक तरुणी त्यांच्या उपचारांनी सुधारत असतानाच तिच्या आईने खटल्याची धमकी दिली. सटीर यांना त्या धमकीत विनवणीही ऐकू आली, म्हणून त्यांनी आईलाच बोलावले. आई समोर येताच मुलीची प्रकृती पुन्हा उपचारांआधीसारखी बिघडली, आणि पुढे वडील व भाऊही उपचारांत सामील झाले. एकाचा त्रास सर्व घराशी जोडलेला असतो, हे यातून दिसते. १९५९ मध्ये त्या कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथील मेंटल रिसर्च इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेत दाखल झाल्या आणि तेथे त्यांनी कुटुंबोपचाराचे प्रशिक्षण सुरू केले.

बैठकीसाठी आठवड्यातील एक ठरलेली वेळ निवडावी. आरंभ कौतुकाने करावा, आणि ते नेमके असावे: ‘तू चांगला आहेस’ यापेक्षा ‘काल तू आजोबांना दवाखान्यात नेलेस, त्यामुळे मला निवांतपणा मिळाला’ हे बोलणे पोहोचते. त्यानंतर नवी माहिती सांगावी आणि मनातील शंका विचाराव्यात. अनेक भांडणांचे मूळ न सांगितलेल्या बातमीत असते. तक्रार मी या सर्वांनंतर ठेवीन. मात्र तिच्याबरोबर काय बदलावे याची सूचना हवीच. ‘तुम्ही नेहमी उशिरा येता’ एवढे पुरेसे नाही, ‘उशीर होणार असेल तर आठपर्यंत फोन करा’ असे म्हणावे.

येथे सर्वाधिक लक्ष गप्प राहणाऱ्यांकडे द्यावे. ताण आला की माणसे मनधरणी करतात, दोष देतात, कोरडा तर्क लढवतात किंवा विषय भरकटवतात, असे सटीर सांगत. आपल्याकडे घरातील सून किंवा आई ‘मला काहीही चालेल’ म्हणते, तेव्हा ती संमती आहे असे धरून पुढे जाऊ नये. तिला थोडा वेळ देऊन पुन्हा विचारावे. घरात मारहाण किंवा धाक असेल, तर ही बैठक घेऊच नये. तेथे प्रशिक्षित समुपदेशकाची मदत घ्यावी.

शेवटी प्रत्येकाने पुढील आठवड्यासाठी आपली एक इच्छा सांगावी, आणि ती ऐकताना कोणीही ‘शक्य नाही’ म्हणू नये.