दोनशे पानांची खपलीची खीर

सांगलीत गणेशोत्सवात गल्लीचा महाप्रसाद म्हटला की गव्हाची खीर, वांग्याची भाजी, भात आणि आमटी हे ठरलेलंच. भात-आमटी कुणीही उरकतं, पण मंडळाचं नाव राहतं ते खिरीवर. संस्थानच्या, म्हणजे इथल्या जुन्या राजघराण्याच्या, गणपतीचं विसर्जन पाचव्या दिवशी असतं आणि त्या दिवशी सगळं गाव रस्त्यावर. म्हणून जेवण चौथ्या दिवशीच ठेवा.

दोनशे माणसांना सडलेली (म्हणजे कांडून टरफल काढलेली) खपली, हा गव्हाचाच एक प्रकार, 10 किलो, गूळ 10 ते 11 किलो, नारळ 8, खसखस पाव किलो, सुंठ 100 ग्रॅम, वेलची 50 ग्रॅम, जायफळं 3. साधा गहू घेऊ नका, त्याचा लगदा होतो. खपली शिजूनही दाणा धरून राहते. गणपती पेठेत घेताना मूठभर हातावर चोळून बघा. टरफलं निघाली तर सडणं अर्धवट झालंय, आणि तो कोंडा खाताना घशाला लागतो. गूळ जरा काळपट असला तरी चालेल, पिवळाधमक नको.

आदल्या रात्री खपली तीन-चार पाण्यांनी धुऊन, वर चार बोटं पाणी ठेवून भिजत घाला. आठ-दहा तास पुरे. भाद्रपदातल्या दमट हवेत त्याहून जास्त ठेवली तर आंबूस वास येतो.

बाराला पहिली पंगत बसवायची तर सहाला भट्टी पेटलीच पाहिजे. ऐंशी लिटरचं जाड बुडाचं पातेलं घ्या, 40 लिटर पाण्याला उकळी आणा, मग निथळलेली खपली सोडा. अडीच-तीन तास लागतात. मध्ये पाणी लागलं तर उकळतंच घाला. दाणा अंगठा आणि बोटात दाबा: आत पांढरा कण लागला तर अजून कच्चा आहे.

खीर बहुतेक इथंच बिघडते. गर्दी जमायला लागली की कुणीतरी घाईनं गूळ टाकतो, आणि गूळ पडला की दाणा पुढं शिजत नाही, मग तासभर ढवळा नाहीतर दोन तास. दाणा पूर्ण मऊ झाल्याशिवाय गुळाला हात लावू देऊ नका. गूळ वेगळ्या पातेल्यात पाच लिटर गरम पाण्यात विरघळवून फडक्यातून गाळा. खडे आणि चिपाडाचे तुकडे खाली राहतात. गूळ घातल्यावर आच निम्मी करा आणि लांब दांड्याच्या उलथन्यानं बुडापासून ढवळत राहा. त्यासाठी दोन माणसं आळीपाळीनं लागतात, एकटा थकतो आणि नेमकी तेव्हाच खीर बुडाला लागते. लागलीच तर खरवडू नका, वरची लगेच दुसऱ्या भांड्यात काढा. करपट वास वेलचीनं झाकत नाही.

पाऊण तासानं खोवलेलं खोबरं, भाजून वाटलेली खसखस, सुंठ-वेलची-जायफळ आणि 50 ग्रॅम मीठ घाला. उतरवताना खीर पातळच वाटली पाहिजे, तासाभरात आळते. दूध पातेल्यात कधीच ओतू नका, गुळानं फाटतं. दहा लिटर तापवून वाढप्याकडे वेगळं द्या, पानात खिरीवर घालू दे.

बाकीचं सोपं आहे: तांदूळ 16 किलो, तूरडाळ 5 किलो, वांगी 20 किलो, बटाटे 5 किलो. कृष्णाकाठची कोवळी वांगी मिळाली तर उत्तमच. चिरली की मिठाच्या पाण्यात टाका, नाहीतर काळी पडतात.

पंगत पन्नासाची ठेवा आणि खिरीचं ओगराळं एकाच जाणत्या माणसाच्या हातात द्या. पहिल्या पंगतीत हात सैल सुटला की शेवटच्या पंगतीला, म्हणजे दिवसभर राबलेल्या बायकांना, पातेल्याचं बूडच उरतं. त्यांच्यासाठी पाच लिटर आधीच काढून झाकून ठेवा.