सॅक हलकी करा, पण आतली पिशवी घ्याच

मागच्या ट्रेकला ग्रॅम-ग्रॅम मोजून सॅक हलकी केली, पण सॅकच्या आत घालायची मोठी प्लास्टिकची पिशवी घरीच राहिली. रेनकव्हर होतं, तरी स्लीपिंग बॅग भिजली. पुन्हा तसं होऊ नये म्हणून हे लिहून ठेवतोय.

सुरुवात वजनकाट्यापासून. ग्रॅम दाखवणारा काटा घ्या, प्रत्येक वस्तू त्यावर ठेवा आणि आकडा लिहा. अंदाजाने कोणाचीच सॅक हलकी होत नाही. अन्न, पाणी आणि इंधन वगळून उरतं ते मूळ वजन. ते 9 किलोंच्या आत आलं तर सॅक हलकी म्हणायची. साडेचार किलोंच्या आत आणणारेही आहेत, पण तिथे चुकीला जागा राहत नाही, त्यामुळे पहिल्या-दुसऱ्या खेपेला त्या नादी लागू नका. खरं वजन सॅक, तंबू आणि झोपायचं सामान यांत असतं. टूथब्रशची दांडी कापून पाच ग्रॅम वाचतात, तंबू बदलला तर किलोभर. आणि सॅक सगळ्यात शेवटी घ्या. आधी घेतली की ती भरण्यासाठीच सामान वाढत जातं.

स्लीपिंग बॅगच्या लेबलवर कम्फर्ट आणि लिमिट असे दोन आकडे असतात. कम्फर्टचा धरा. लिमिटला माणूस अंग आखडून कशीबशी रात्र काढतो, आरामाची झोप नाही. पिसांची बॅग सगळ्यात हलकी आणि सगळ्यात छोटी दबते, पण ऊब पिसांची नसते, पिसं फुलून त्यांच्यामध्ये अडकलेल्या हवेची असते. भिजली की पिसं गोळा होतात, हवा जाते, आणि हजारो रुपयांची बॅग ओल्या चादरीसारखी होते. डोंगरात ती वाळवायला आख्खी उन्हाची दुपार लागते, आणि पावसात ऊन कुठून आणणार?

म्हणून पिशवी. रेनकव्हर हा पिशवीला पर्याय नाही, हे नीट समजून घ्या. कव्हर सॅकची बाहेरची बाजू झाकतं, पाठीकडची उघडीच राहते. मानेवरून ओघळलेलं पाणी पाठ आणि सॅक यांच्यामधून उतरतं, पट्ट्यांच्या शिवणीतून आत शिरतं आणि तळाशी कव्हरच्या खोलगटात साचतं. स्लीपिंग बॅग नेमकी तळाशीच असते. वाऱ्याने कव्हर उडून जातं ते वेगळंच. पिशवी जाड हवी, सॅकपेक्षा दहा-पंधरा लिटर मोठी, म्हणजे तोंड पिळायला लांबी उरते. वजन शंभर ग्रॅमच्या आत. वापरण्याआधी तिच्यात हवा भरा, तोंड मुठीत धरा आणि दाबत-दाबत गालाजवळून फिरवा. टाचणीएवढं भोक असलं तरी गालाला वारा लागतो. तिथे टेप लावा. भरून झालं की हवा दाबून काढा, तोंडाला दोरीसारखा पीळ द्या, तो दुमडून रबर लावा. नुसती गाठ मारू नका, ओल्या गारठलेल्या बोटांनी ती सुटत नाही. आत काय? स्लीपिंग बॅग, झोपायचे कोरडे कपडे आणि मोजे. तंबू मात्र बाहेर, कारण सकाळी तो ओलाच गुंडाळला जातो. लिहून घ्या: पिशवी.

मॅटकडे दुर्लक्ष होतं. अंगाखाली दबलेली स्लीपिंग बॅग ऊब देत नाही, जमिनीची थंडी मॅटच अडवते. मॅट थंडी किती अडवते त्याचा आकडा म्हणजे आर-मूल्य. साध्या हवेत ते 2 चालेल, शून्य अंशाच्या आसपास 4 किंवा जास्त हवं. दोन मॅट एकावर एक टाकल्या तर आकड्यांची बेरीज होते. हवेच्या मॅटसोबत ठिगळ न्या. कपडे सुती नकोत, जीन्स तर नकोच.

पाणी: एक लिटर म्हणजे एक किलो, त्यामुळे पाण्याच्या जागा नकाशावर आधीच बघा. पोकळ धाग्यांचा फिल्टर जिवाणू अडवतो, विषाणू नाही. आणि एकदा वापरलेला असा फिल्टर गोठला तर आतले धागे फाटतात, बाहेरून काही कळत नाही. थंडीत रात्री तो अंगाशी घेऊन झोपा. जोडीला क्लोरीन डायऑक्साइडच्या गोळ्या असू द्या, पाकिटावर लिहिलेला वेळ पूर्ण होऊ द्या. उकळायचं तर उकळी फुटल्यावर एक मिनिट, 2000 मीटरच्या वर तीन मिनिटं.

जीव वाचवायच्या वस्तू सॅकमध्ये ठेवू नका. सॅक दरीत गेली की त्याही गेल्या. लायटर, शिट्टी, होकायंत्र, छोटा चाकू आणि अंगावर ओढायची चंदेरी आपत्कालीन पिशवी कमरेच्या पाऊचमध्ये किंवा खिशात. लायटर दोन, कारण थंडीत आतला गॅस नीट उडत नाही. पेटेना झाला तर काखेत धरून गरम करा. व्हॅसलीन चोळलेले कापसाचे बोळे छोट्या डबीत, त्यातला एक बराच वेळ जळतो. शिट्टीचा संकेत मिनिटाला सहा वेळा, मग एक मिनिट थांबून पुन्हा. ओरडण्याने घसा बसतो, शिट्टीने नाही.

हेडलॅम्प, जादा सेल. थंडीत लिथियमचे घ्या. कागदी नकाशा. फोन विमान मोडवर, पॉवरबँक. प्रथमोपचारात फोडांसाठी टेप, क्रेप बँडेज, जलसंजीवनी, स्वतःची रोजची औषधं. डक्ट टेप बाटलीला गुंडाळून. मार्ग आणि परतायची वेळ घरी कोणाला तरी लिहून द्या.

आदल्या दिवशी सॅक पूर्ण भरा, कव्हर चढवा, नळाखाली दहा मिनिटं उभी धरा. पाठीच्या बाजूनेही पाणी सोडा. मग उघडून स्लीपिंग बॅगला हात लावून बघा. पिशवी आत आहे ना?