आई किंवा बाबा ॲडमिट असताना त्यांच्या बाजूने कसं बोलायचं

हॉस्पिटलमधल्या लोकांना तुमची आई फक्त आजारी असलेलीच माहीत असते. ती गेल्या आठवड्यात कशी होती, जिना चढायची का, हिशोब स्वतः बघायची का, फोनवर तासभर बोलायची का, यातलं काहीही त्यांच्यासमोरच्या फाईलमध्ये नसतं. त्यामुळे ऐंशीची बाई खाटेवर गप्प पडलेली दिसली की वयच झालंय असं समजणं फार सोपं असतं, आणि ते तसं नाहीये हे सांगू शकणारे तिथे फक्त तुम्ही असता. मेडिकलचं काही शिकलेलं नसलं तरी चालतं, तुमचं माणूस एरवी कसं असतं हे ठामपणे आणि परत परत सांगता आलं पाहिजे.

आधी एक कागद तयार करा

ॲडमिट व्हायची वेळ यायच्या आधीच केला तर उत्तमच, नसेल केला तर पहिल्याच दिवशी करा. एका बाजूला आजार, ऑपरेशनं, ॲलर्जी (आणि ॲलर्जीने नेमकं काय झालं होतं ते, अंगावर पुरळ की श्वास अडकला, यात फार फरक आहे), सगळ्या गोळ्या नाव-डोस-वेळेसकट. घरातल्या घरात घेतलेली पेनकिलर, झोपेची गोळी, डोळ्यातले ड्रॉप, जडीबुटीचं काही, सगळं त्यात यायला हवं, कारण विचारल्यावर म्हातारी माणसं "बीपीची एक गोळी घेतो" एवढंच सांगतात आणि बाकीचं राहून जातं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती सगळ्यात वर ठळक लिहा.

कागदाच्या दुसऱ्या बाजूला मात्र "एरवी कसे असतात" हे लिहायचं. आधाराशिवाय चालतात का, बाथरूमला एकटे जातात का, विसरतात का आणि किती, ऐकू कितपत येतं, कवळी आहे का. वाक्यं साधी ठेवा, "परवापर्यंत स्वतः पेपर वाचायचे, आज मला ओळखलं नाही". असं वाक्य डॉक्टरला खूप काही सांगून जातं, "जरा गोंधळल्यासारखे वाटतात" एवढ्याने कोणी थांबत नाही. कॉप्या काढून एक फाईलला लावा, एक तुमच्याकडे ठेवा, कारण ड्यूटी बदलते आणि नवीन माणसाला परत पहिल्यापासून सांगावं लागतं.

बोलणारा एकच ठेवा, पण आधी त्यांना विचारा

तीन भावंडं तीन वेळा तीन डॉक्टरांना फोन करतात तेव्हा कोणालाच पूर्ण चित्र कळत नाही. एक जण ठरवा, त्याचा नंबर फाईलवर लिहून घ्या, बाकीच्यांनी त्याला विचारायचं.

आणि हा बोलणारा कोण असावा हे आई-बाबांनीच सांगायला हवं, ते शुद्धीत असतील आणि त्यांना समजत असेल तर निर्णयही त्यांचाच असतो. आपण काळजीपोटी त्यांच्या डोक्यावरून बोलायला लागतो, डॉक्टर आपल्याकडे बघून बोलतात, आणि ज्याच्या शरीराबद्दल चाललंय तो माणूस छताकडे बघत पडून राहतो. हे मला अजिबात पटत नाही. डॉक्टरांना सरळ म्हणावं, "बाबांना सांगा ना, मी बाजूला आहे, त्यांचं काही सुटलं तर मी विचारीन."

चष्मा, कानाचं मशीन, कवळी

हे तीन पहिल्याच दिवशी आणा, प्रत्येकावर नाव लिहा. माझ्या वडिलांच्या वेळी कानाच्या मशीनची बॅटरी संपलेली होती, ते प्रत्येक प्रश्नाला मान डोलवायचे आणि दुसऱ्या दिवशी नोंदीत "गोंधळलेले" असं लिहिलेलं होतं. बॅटरी घातल्यावर त्यांनी तारीख-वार सगळं बरोबर सांगितलं. कवळीचंही तसंच, ती कपाटात राहते, जेवणाचा ट्रे समोर येतो, तासाभराने तसाच उचलून नेतात, आणि "पेशंट जेवत नाही" एवढीच नोंद होते. ट्रे हाताशी आहे का, झाकण त्यांना उघडतं का, पाण्याचा ग्लास पोचेल असा ठेवलाय का, हे जेवणाच्या वेळी कोणीतरी बघायलाच हवं.

अचानक गोंधळ झाला तर

यावर मी जास्त लिहितोय कारण हेच सगळ्यात जास्त हुकतं. हॉस्पिटलमध्ये म्हाताऱ्या माणसांना डिलिरियम होतो, म्हणजे काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत डोकं एकदम भरकटतं, कधी ठीक वाटतात, संध्याकाळी परत बिघडतं. डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, हळूहळू महिने-वर्षं घेत येतो, डिलिरियम तसा नसतो (अर्थात आधीपासून डिमेन्शिया असलेल्यांना डिलिरियम होण्याची शक्यता जास्तच असते). आरडाओरडा करणारा, सलाईन ओढणारा पेशंट सगळ्यांच्या लक्षात येतो, पण डिलिरियमचा एक शांत प्रकारही असतो, त्यात माणूस नुसता पडून राहतो, उत्तर द्यायला वेळ लावतो, दिवसभर झोपतो, आणि सगळे म्हणतात आराम करतायत, करू द्या.

मागे कारण असतं आणि ते शोधावं लागतं. इन्फेक्शन, पाणी कमी पडणं, बद्धकोष्ठ, लघवी तुंबणं, दुखणं, नवीन चालू केलेलं औषध, झोप न होणं. वयस्कर माणसांना इन्फेक्शन झालं तरी ताप येतोच असं नाही आणि हार्ट अटॅकमध्येही छातीत दुखेलच असं नाही, कधी पहिलं लक्षण हा गोंधळच असतो. म्हणून तुम्ही म्हणायचं, "हे काल असे नव्हते, हा डिलिरियम असू शकतो का, आणि कारण शोधण्यासाठी काय काय बघितलंय?" डिलिरियम हा शब्द वापरायला लाजू नका.

बरंचसं टाळताही येतं. अमेरिकेतल्या डॉक्टर शॅरन इनूय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली छापलेल्या अभ्यासात ८५२ वयस्कर पेशंट होते. रात्रीची झोप, चालणं, पाणी, चष्मा, ऐकणं, तारीख-वार आणि जागेची आठवण करून देणं अशा साध्या गोष्टींकडे नीट लक्ष दिलेल्या गटात डिलिरियम ९.९ टक्के लोकांना झाला, नेहमीच्या पद्धतीने सांभाळलेल्या गटात १५ टक्के. यातल्या निम्म्या गोष्टी घरचं माणूस बाजूला बसून करू शकतं. दिवसा पडदे उघडा, गप्पा मारा, घड्याळ दिसेल असं ठेवा, रात्री उगाच लाईट आणि टीव्ही नको.

रोज विचारायचे काही प्रश्न

राउंड साधारण किती वाजता असतो ते सिस्टरना विचारा आणि त्या वेळी तिथे राहा, प्रश्न आधी लिहून ठेवा, दोन-तीनच, महत्त्वाचा पहिला. आज काय करणार, कशासाठी, आणि फरक पडतोय हे आपल्याला कशावरून कळेल.

कॅथेटर (लघवीची नळी) घातला असेल तर "आजही लागणार आहे का" हे रोज विचारा, जितके दिवस राहतो तितकी इन्फेक्शनची शक्यता वाढते आणि कधीकधी तो काढायचं फक्त विसरलेलं असतं. उठवायला, खुर्चीत बसवायला परवानगी आहे का तेही विचारा, कारण पडून राहिल्याने म्हाताऱ्या माणसाच्या पायातली ताकद भराभर जाते आणि चालत आलेला माणूस व्हीलचेअरवर घरी जातो. स्वतः कूस बदलता येत नसेल तर कितीकितीने बदलतायत ते बघा, टाचा आणि माकडहाडाजवळची कातडी रोज नजरेखालून घाला, लालसर डाग दाबूनही पांढरा होत नसेल तर लगेच दाखवा.

औषधं

नवीन गोळी दिसली की कशासाठी, किती दिवस, आणि जुनी कुठली बंद झाली का, एवढं विचारायचं. किडनीच्या रिपोर्टप्रमाणे डोस बघितलाय का हेही विचारा, वयाबरोबर किडनीचं काम कमी होतं आणि बरीच औषधं तिथूनच बाहेर पडतात. पासष्टीच्या पुढच्यांना शक्यतो टाळावीत अशा औषधांची बीअर्स यादी म्हणून एक यादी आहे, १९९१ पासूनची, अधूनमधून सुधारत असतात. झोपेसाठी सहज दिलं जाणारं डायफेनहायड्रामिन त्यात आहे. पार्किन्सन असेल तर दोन गोष्टींवर अडून बसा, लेव्होडोपा, म्हणजे पार्किन्सनची गोळी, रोजच्या ठरलेल्या वेळेलाच मिळायला हवी, वॉर्डच्या औषधांच्या वेळेला नाही, आणि उलटीसाठी मेटोक्लोप्रामाइड देऊ नये कारण त्याने पार्किन्सन बिघडतो. स्वतःच्या मनाने मात्र काही बंद करू नका आणि घरची गोळी गुपचूप देऊ नका, डबल डोस होतो.

कोणी ऐकत नसेल तर

आवाज चढवून फारसं मिळत नाही, नेमकं बोलून मिळतं. अमेरिकन नौदलाच्या अणुपाणबुड्यांवरून हॉस्पिटलांमध्ये आलेली एसबार नावाची एक पद्धत आहे, डॉक्टर-नर्स आपापसात वापरतात, आपणही वापरू शकतो. आत्ता काय झालंय, आधी काय होतं, मला काय वाटतंय, मला काय हवंय. म्हणजे असं, "आईचा श्वास अर्ध्या तासापासून जोरात चालतोय. सकाळी बसून बोलत होती. मला वाटतं छातीत काहीतरी बिघडलंय. डॉक्टरांनी आत्ता येऊन बघावं." सिस्टर, मग ड्यूटी डॉक्टर, मग ज्यांच्या नावावर ॲडमिट आहे ते डॉक्टर, मग वॉर्डचे इन्चार्ज किंवा हॉस्पिटलचे प्रमुख, या क्रमाने वर जा, कोणाशी किती वाजता बोललात ते वहीत लिहा. आणि चांगलं केलं त्यांना नाव घेऊन थँक्यू म्हणा, बारा तास उभं राहून काम करणारी माणसं आहेत ती.

अवघड बोलणं

व्हेंटिलेटर लावायचा का, अजून एक ऑपरेशन झेपेल का, हे प्रश्न रात्री दोनला कॉरिडॉरमध्ये ठरवायची वेळ येऊ नये. बरे असतानाच विचारून ठेवा की तुम्हाला काय महत्त्वाचं वाटतं, कशाची भीती वाटते, काय नको. डॉक्टरांना विचारताना "वाचतील ना" याच्यासोबत हेही विचारा की वाचले तर कसे असतील, स्वतः उठता-बसता येईल का.

डिस्चार्ज

घाई इथेच होते. नवीन औषधांची यादी जुन्या कागदाशेजारी ठेवून एकेक ओळ जुळवा, काय नवीन, काय बंद, कशाचा डोस बदलला. मग तुम्हाला काय समजलं ते तुमच्या शब्दांत सिस्टरना परत सांगून दाखवा, चुकलं तर त्या तिथेच दुरुस्त करतील. जिना, बाथरूम, रात्री एकटं उठणं हे जमतंय का ते निघायच्या आधी करून बघायला लावा. कुठली लक्षणं दिसली तर परत आणायचं आणि रात्री कुठल्या नंबरवर फोन करायचा ते लिहून घ्या. जे रिपोर्ट अजून यायचेत ते कोण बघणार आणि तुम्हाला कोण कळवणार, ते नावासकट विचारूनच निघा.