अपसर्टमधील दोन ‘व्हेअर’ आणि दुधाचे एक बिल

सांगलीत विश्रामबागेतल्या एका छोट्या कार्यालयात मी नोकरीला लागलो, तेव्हा पहिल्या काही महिन्यांतच वाळवा तालुक्यातील एका दूध संकलन केंद्राच्या नोंदींचे काम माझ्याकडे आले. सकाळी आणि संध्याकाळी काट्यावर दूध मोजून फॅट व एसएनएफ (फॅटखेरीज दुधातले घन घटक) काढले की ती नोंद सर्व्हरवर येत असे, आणि मध्येच वीज किंवा नेट गेले तर तीच नोंद नंतर पुन्हा येई. म्हणून सभासद क्रमांक, दिनांक आणि सत्र या तीन रकान्यांवर युनिक इंडेक्स, म्हणजे तिन्ही किमती सारख्या असलेली दुसरी नोंद येऊ न देणारी सूची, ठेवला होता. नोंद नसेल तर घालायची आणि असेल तर बदलायची, एवढे एकाच आज्ञेत, म्हणजे अपसर्टमध्ये, बसवायचे होते. पोस्टग्रेस या आमच्या डेटाबेसमध्ये ही सोय ९.५ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१६ पासून आहे. अट एकच होती: दहा दिवसांचे बिल निघाले की नोंदीवर ‘पक्की’ अशी खूण होईल आणि त्यानंतर ती बदलता कामा नये.

मी ‘ऑन कॉन्फ्लिक्ट’नंतर, म्हणजे ‘आधीच्या नोंदीशी टक्कर झाली तर’ यानंतर, कंसात तीन रकाने लिहिले, त्यालाच जोडून ‘व्हेअर पक्की = फॉल्स’ ही अट लिहिली आणि मग काय बदलायचे ते सांगणारे ‘डू अपडेट सेट’ लिहिले. वाचताना ते अगदी सरळ वाटत होते: नोंद आधीची निघाली आणि ती पक्की नसली, तर बदला. आज्ञा विनातक्रार चालली. चाचणी मी फक्त कच्च्या नोंदींवर घेतली होती, हा माझा आळस. बिल निघाल्यावर काट्याकडून जुन्या नोंदी पुन्हा आल्या, पक्क्या नोंदी बदलल्या, आणि सभासदाच्या हातातली पावती व वहीतला आकडा जुळेना.

‘डू अपडेट’च्या आधी येणारा व्हेअर नोंद बदलायची की नाही हे ठरवतच नाही, टक्कर कोणत्या युनिक इंडेक्सवर ओळखायची, एवढेच तो सांगतो. तो आहे अंशतः इंडेक्ससाठी, म्हणजे ज्या इंडेक्सलाच अट घातलेली असते त्यासाठी. आमचा इंडेक्स बिनअटीचा होता, आणि असा इंडेक्स तिथल्या कोणत्याही अटीला चालतो, त्यामुळे माझी अट चूक न दाखवता निष्प्रभ झाली. त्या अटीचा अंशतः इंडेक्स खरोखरच केला असता, तर पक्क्या नोंदी इंडेक्सबाहेर राहून टक्करच झाली नसती आणि त्याच सत्राची दुसरी नोंद घातली गेली असती, जे माझ्या मते याहून वाईट.

मला हवा होता तो व्हेअर ‘सेट’च्या यादीनंतर येतो. तिथे सारणीतली जुनी ओळ सारणीच्या नावाने आणि नव्याने आलेली ओळ ‘एक्सक्लूडेड’ या नावाने दिसते; नुसते रकान्याचे नाव लिहिले तर ते संदिग्ध असल्याची चूक येते, आणि नवख्याने या चुकीचे आभारच मानावेत. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसच्या ‘ऑन डुप्लिकेट की अपडेट’मध्ये असा व्हेअरच नाही, तिथे प्रत्येक रकान्याच्या किमतीतच अट बसवावी लागते.

जागा सापडली तरी अट चुकतेच. उशिरा आलेल्या जुन्या नोंदीने ताजी नोंद पुसू नये म्हणून मी ‘पक्की नसेल’ या अटीला ‘अँड’ने जोडून नोंद पाठवल्याची वेळ तुलनेला घेतली. पण हाताने भरलेल्या नोंदींत ती वेळ नल, म्हणजे रिकामी, होती, नलशी केलेली तुलना खरीही ठरत नाही आणि खोटीही, म्हणून त्या नोंदी कधीच बदलेनात. मग ‘किंवा वेळ नल असेल’ असे पुढे जोडले आणि कंस विसरलो. ‘अँड’ हा ‘ऑर’च्या आधी बांधला जात असल्याने, हाताने भरलेल्या पक्क्या नोंदी पुन्हा उघड्या पडल्या. या वेळी मात्र चाचणीत पक्की, कच्ची आणि नल वेळेची अशा तिन्ही ओळी होत्या, म्हणून ते कार्यालयातच कळले.

शेवटचा घोळ ‘रिटर्निंग’चा, म्हणजे घातलेली वा बदललेली ओळ उत्तरात परत मागण्याचा. व्हेअर खोटा ठरला तर ओळ बदलत नाही, आणि न बदललेली ओळ रिटर्निंगमध्येही येत नाही (तिच्यावर लॉक, म्हणजे तेवढ्यात इतरांना ती बदलू न देणारे कुलूप, मात्र बसतो). आमचा प्रोग्राम रिकामे उत्तर म्हणजे अपयश असे समजून काट्याकडून तीच पक्की नोंद पुन्हा पुन्हा मागवत राहिला. आता रिकामे उत्तर आले की आम्ही ती ओळ वेगळ्या सिलेक्टने वाचतो, आणि ती पक्की असेल तर काट्याला पोच देऊन टाकतो.