लॉनच्या जागी भरताचे वाफे

जळगाव-धुळ्याकडे मे महिन्यात लॉन हिरवे ठेवायचे तर रोज पाणी, आणि त्यातून ताटात काहीच पडत नाही. पण गवत न मारता भाजी लावली, तर पहिल्या पावसात भाजीआधी हरळीच वर येते. तेव्हा आधी उन्हाळ्याला कामाला लावा.

एप्रिल : गवत काढा. १० बाय १० फूट जागा पुरे. दोन दिवस पाणी देऊन काळी माती मऊ करा, वीतभर खणा आणि पांढऱ्या काशा (हरळीची जमिनीखाली पसरणारी खोडे) हाताने वेचा. पॉवर टिलर नकोच. काशांचे तुकडे होतात आणि पेर न् पेर फुटतो. वेचलेल्या काशा कडकडीत वाळल्याशिवाय खतखड्ड्यात टाकू नका.

वाफे आधी, प्लॅस्टिकचा कागद नंतर; त्याखाली कोंडलेल्या उन्हाने उरलेले तण मारायचे. अडीच फुटी तीन गादीवाफे, मध्ये सव्वा फुटाच्या वाटा, उंची वीतभर. सपाट वाफ्यात काळी माती पाणी धरून ठेवते, मुळे कुजतात. तिन्हींत मिळून ३०-३५ किलो पूर्ण कुजलेले शेणखत मिसळा. कच्च्या खतातून मुळे खाणारी हुमणी अळी येते. मग माती चांगली भिजवा, कारण ओलीतून उष्णता खोल उतरते. वर २५ ते ५० मायक्रॉन जाडीचा पारदर्शक कागद मातीला चिकटून ताणा, कडा गाडा, ५-६ आठवडे हलवू नका. काळा कागद इथे कमी पडतो : तो स्वतः तापतो, माती तेवढी तापत नाही. कागद काढल्यावर पुन्हा खोल खणू नका, खालचे तणाचे बी वर येते. लव्हाळा या तणाच्या खोल गाठी तरी उरतीलच; दिसेल तसा गाठीसकट उपटा.

जून-जुलै : वांगी. बी जळगावच्या भरीत वांग्याचेच घ्या (त्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे). जूनमध्ये रोपांसाठी बी टाका, ५ आठवड्यांनी रोपे वाफ्यात लावा. झाड पसरते, म्हणून पहिल्या वाफ्यात एकच ओळ, ३ फुटांवर एक. दाटीने लावले तर फळ कमी आणि कीड जास्त.

शेंडा मान टाकताना दिसला की आत अळी आहे. खाली दोन बोटे सोडून तो कापा आणि नष्ट करा. तिथेच टाकला तर अळी फळात शिरते. फुलकिडे, मावा यांच्यासाठी ५० ग्रॅम वाटलेली निंबोळी लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, संध्याकाळी फवारा.

दुसऱ्या वाफ्यात लवंगी मिरची, दीड फुटावर.

ऑक्टोबर : तिसऱ्यात पातीसाठी कोंब आलेले कांदे ६ इंचांवर पुरा, कडेला धणे रगडून, दोन फाके करून पेरा. अख्खे धणे उगवायला रेंगाळतात.

पाणी घड्याळ पाहून देऊ नका. दोन इंच खालची माती हातात घ्या. तिचा लाडू वळला तर आज पाणी नको.

वांगे चकाकत असतानाच तोडा. चमक गेली की बी निबर होते, मग पऱ्हाटीवर (कपाशीच्या वाळक्या काड्यांवर) कितीही भाजा, भरीत दाताखाली कचकचतेच.