इ. स. १२९० : एकच वर्ष निरनिराळ्या कालगणनांत कसे ओळखावे

ज्ञानेश्वरीचा रचनाकाल शके १२१२ असा तिच्या शेवटी दिला आहे. त्यात ७८ मिळवले की इ. स. १२९० येते, परंतु तेवढ्यावर थांबू नये. शकवर्ष चैत्र शुद्ध प्रतिपदेला सुरू होत असल्याने त्याचे शेवटचे दोन-अडीच महिने पुढच्या इसवी सनात जातात आणि त्या तिथींना ७९ मिळवावे लागतात.

त्यानंतर शक गत (पूर्ण झालेली वर्षे मोजणारा) आहे की वर्तमान (चालू वर्षही मोजणारा) हे ठरवावे, कारण शिलालेखांत दोन्ही पद्धती आढळतात आणि वर्तमान शकाला एक वर्ष कमी धरावे लागते. येथे संवत्सराचे, म्हणजे साठ नावांच्या चक्रातील त्या वर्षाचे, नाव हा सर्वांत भरवशाचा साक्षीदार होय. गत शकात १२ मिळवून ६०ने भागावे; १२२४ची बाकी २४ उरते आणि प्रभवापासून चोविसावे संवत्सर विकृती येते. लेखात शके १२१२सोबत विकृती असेल, तर शक गत आहे.

हिजरी सन चांद्र असल्याने ठरावीक फरक चालत नाही. सनाला ३३ने भागून येणारा भागाकार जवळच्या पूर्ण संख्येत धरून त्यातून वजा करावा आणि ६२२ मिळवावे : ६८९ − २१ + ६२२ = १२९०. जलालुद्दीन खिलजी दिल्लीच्या तख्तावर आला ते हेच वर्ष. हिजरी ६८९ हे १४ जानेवारी १२९०च्या सुमारास सुरू झाल्याने दोन्ही वर्षे जवळजवळ जुळतात. हा योग साधारण तेहतीस वर्षांनीच येतो, म्हणून ६०१चा फरक इतर वर्षांना लावू नये.

ख्रिस्ती देशांतही सन आणि वर्षारंभ एक नव्हते. बायझंटाईन राजधानी कॉन्स्टँटिनोपलमध्ये ऑगस्टअखेर सृष्टिवर्ष (जगाच्या निर्मितीपासून मोजलेले वर्ष) ६७९८ होते आणि १ सप्टेंबरला ६७९९ लागले. स्पेनमधील कॅस्टील राज्यात इसवी सनापेक्षा ३८ने पुढे असलेल्या स्पॅनिश गणनेनुसार १३२८ लिहीत. इंग्लंडमध्ये नवे वर्ष २५ मार्चला धरत. तेथील राजा पहिला एडवर्ड याने ज्यूंना देशाबाहेर काढण्याचा हुकूम १८ जुलैला दिला. ज्यूंच्या पंचांगात तो ५०५०चा अव महिन्यातील नववा दिवस, म्हणजे जेरुसलेमचे मंदिर पडल्याच्या शोकाचा दिवस होता. केवळ सन पाहणाऱ्याच्या हे ध्यानात येणार नाही. चीनमध्ये हे सम्राट कुबलाई खानाच्या चियुआन नावाच्या राजकालखंडाचे सत्ताविसावे वर्ष.

वरील युरोपीय तारखा ज्युलियन, म्हणजे तेव्हा युरोपात चालणाऱ्या जुन्या पंचांगाच्या, आहेत. संगणकावरील पंचांग ग्रेगोरियन, म्हणजे आजच्या पद्धतीची, तारीख देत असेल, तर या वर्षासाठी तिच्यातून ७ दिवस वजा करून मगच ताडून पाहावे.